‘चुका झाल्या’ ते ‘मी चुकलो’: इंग्रजीतली दोषाची भाषा

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगारांचा जीव गेला आणि समुद्रतळाशी फुटलेल्या विहिरीतून पुढे ८७ दिवस तेल वाहत राहिले. विहीर ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची होती. पंधरवड्याच्या आत कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड अमेरिकी टीव्हीवर आले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : हा अपघात आमचा नव्हे; पण तेलाची आणि ते साफ करण्याची जबाबदारी पूर्णपणे आमची.

मराठी कानाला हे उफराटे वाटते. अपघात तुमचा नाही, तर जबाबदारी कसली घेता? आणि जबाबदारी घेताच आहात, तर अपघात कोणाचा? पण इंग्रजी सार्वजनिक जीवनात असे बोलणे नित्याचे आहे. चूक कबूल करताना कोणता भाग उचलायचा आणि कोणता अलगद खाली ठेवायचा, याचे तिथे एक पक्के तंत्र तयार झाले आहे. राजकारण, कोर्ट, विमा कंपन्या आणि मोठी ऑफिसे या चौघांनी मिळून ते घडवले. अमेरिकी बातम्या वाचणाऱ्याला, परदेशी क्लायंटशी रोज बोलणाऱ्याला किंवा तिकडे स्थायिक झालेल्याला ते उमगलेले बरे.

एका चुकीचे चार भाग

पहिला भाग ‘ब्लेम’, म्हणजे दोष. कोणामुळे घडले आणि त्याचे वागणे चुकीचे होते का, हा प्रश्न. तो मागे पाहतो. दुसरा ‘रिस्पॉन्सिबिलिटी’, म्हणजे जबाबदारी. हा शब्द मागेही पाहतो आणि पुढेही : ‘याला जबाबदार कोण’ आणि ‘आता निस्तरणार कोण’ हे दोन्ही त्यात येते. तिसरा ‘लायबिलिटी’. तो पैशाचा आणि कायद्याचा मामला : भरपाई कोण देणार? चौथा ‘रिग्रेट’, खेद. घडले ते वाईट झाले एवढेच तो सांगतो. कोणी केले याबद्दल मौन पाळतो.

हे चारही भाग सुटे सुटे उचलता येतात. खेद व्यक्त करून दोष नाकारता येतो. दोष न मानता पैसे देता येतात. हेवर्ड यांनी तर ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चा पुढे पाहणारा अर्थ घेतला आणि मागे पाहणारा टाळला. वाक्य प्रामाणिकही होते आणि सोयीचेही. पुढचे बहुतेक नमुने याच चार भागांच्या जोडतोडीतून निघालेले आहेत.

कर्ता गाळलेले वाक्य

सगळ्यांत प्रसिद्ध नमुना ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हा. चुका केल्या गेल्या. कोणी? वाक्य तिथेच संपते.

अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी डिसेंबर १८७६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या अखेरच्या वार्षिक संदेशात याच धर्तीची कबुली दिली होती. मात्र चुका झाल्याचे आपण मान्य करतो, असेही जोडले होते. शंभर वर्षांनी ते ‘मी मान्य करतो’ गळू लागले. वॉटरगेट प्रकरणी ‘वॉशिंग्टन पोस्ट’वर सतत तोंडसुख घेणारे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे प्रसिद्धी सचिव रॉन झिग्लर यांनी १ मे १९७३ रोजी त्या वृत्तपत्राची माफी मागितली, तेव्हा आपल्या टिप्पण्यांबाबत ‘चुका झाल्या’ असे ते म्हणाले. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे उघड झाल्यावर अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात ‘गंभीर चुका झाल्या’ म्हटले. निवडणूक निधीच्या प्रकरणात बिल क्लिंटन यांनी १९९७ मध्ये तोच शब्दप्रयोग केला. सरकारी वकिलांना काढून टाकण्यावरून २००७ मध्ये गदारोळ उठला, तेव्हा अॅटर्नी जनरल आल्बर्टो गोन्झालेस यांच्याही तोंडी तेच आले.

तोवर लोकांनी हे वाक्य ओळखून ठेवले होते. राजकीय विश्लेषक विल्यम श्नायडर यांनी या रचनेला एका नव्या काळाचे नाव देऊन टाकले : दोषमुक्ती देणारा भूतकाळ. त्याच वर्षी कॅरल टॅव्हरिस आणि एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी माणूस स्वतःच्या चुकांचे समर्थन का करतो यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच ‘चुका झाल्या, पण माझ्याकडून नव्हे’ असा टोमणा होता.

रेगन यांचे उदाहरण एका वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे. जानेवारीतल्या वाक्याने लोकांचे समाधान झाले नाही. ४ मार्च १९८७ रोजी ते पुन्हा टीव्हीवर आले आणि आपल्या व आपल्या प्रशासनाच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी आपली, असे त्यांनी सांगितले. ओलिसांच्या सुटकेच्या बदल्यात इराणला शस्त्रे दिली नाहीत असे आपण म्हटले होते, आपले मन अजूनही तेच सांगते, पण पुरावा तसे सांगत नाही, अशी कबुलीही दिली. पाच आठवड्यांत कर्ता वाक्यात परत आला. तरीही मन एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे ठेवून त्यांनी स्वतःच्या हेतूला धक्का लागू दिला नाही.

आयझेनहॉवर यांची चिठ्ठी

कर्ता असा परत आणण्याचे काम एका माणसाने पेन्सिलीने, कोणी न सांगता केले होते. ५ जून १९४४. दुसऱ्या दिवशी पहाटे दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायच्या होत्या. हवामान बेभरवशाचे होते. सरसेनापती ड्वाइट आयझेनहॉवर यांनी मोहीम फसली तर प्रसिद्ध करायचे निवेदन लहानशा कागदावर आधीच लिहून ठेवले. ताण इतका की तारीख टाकताना जूनऐवजी जुलै लिहिले गेले.

चार वाक्यांच्या त्या मजकुरात दोन खाडाखोडी विशेष आहेत. पहिल्या वाक्यात त्यांनी आधी ‘सैन्य मागे घेण्यात आले आहे’ या अर्थाचे शब्द लिहिले. मग ते खोडून ‘मी सैन्य मागे घेतले आहे’ केले. पुढचे वाक्य ‘ही मोहीम’ अशा शब्दांनी सुरू होत होते. तेही खोडून ‘हल्ला करण्याचा माझा निर्णय’ असे केले. मग सैनिकांनी, हवाई दलाने आणि नौदलाने शौर्यात कसूर केली नाही, असे लिहिले. शेवटी म्हटले की काही दोष असेल तर तो केवळ माझा. या अखेरच्या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली.

मोहीम यशस्वी झाली आणि चिठ्ठीची गरज पडली नाही. काही आठवड्यांनी ती त्यांच्या साहाय्यकाच्या हाती लागली म्हणून वाचली. आज इंग्रजीत नेतृत्वाचे धडे देणारे तिचा दाखला हटकून देतात. कर्मणी प्रयोगातले वाक्य कर्तरीत आणले की सत्य तेच राहते, पण भार कोणाच्या खांद्यावर आहे ते स्पष्ट होते, हे या दोन खोडलेल्या ओळींत डोळ्यांनी दिसते.

हात मोडला की मोडून घेतला?

वाक्याच्या ठेवणीने खरोखर फरक पडतो का, हे कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना हॉटेलातल्या एका आगीची हकिगत वाचायला दिली. एका गटाच्या मजकुरात ‘तिने मेणबत्ती पाडली’ अशी वाक्ये होती, दुसऱ्याच्या मजकुरात ‘मेणबत्ती पडली’ अशी. बाकी सगळे सारखे. भरपाई किती द्यावी असे विचारल्यावर पहिल्या गटाने सरासरी सुमारे अडीचशे डॉलर जास्त लावले.

दुसरा प्रयोग आणखी बोलका होता. ‘सुपर बोल’ या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात २००४ मध्ये गायक जस्टिन टिंबरलेकच्या हातून गायिका जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा भाग निघाला. तो प्रसंग कोट्यवधी लोकांनी पाहिला होता. टिंबरलेकने त्याला ‘वॉर्डरोब मालफंक्शन’, म्हणजे पोशाखातला बिघाड म्हटले आणि ‘कोणी दुखावले असेल तर’ माफी मागितली. प्रयोगात काहींना ‘त्याने भाग फाडला’ असे वाचायला दिले, काहींना ‘भाग फाटला’ असे. पहिल्यांनी दीडपटीहून जास्त दंड सुचवला. व्हिडिओ स्वतः पाहिल्यावरही शब्दांचा परिणाम टिकला.

याच संशोधकांनी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांची तुलनाही केली. मुद्दाम केलेल्या कृतीचे वर्णन दोघेही कर्ता घालूनच करतात. नकळत घडलेल्या गोष्टीत मात्र स्पॅनिश भाषक ‘फुलदाणी फुटली’ या वळणाने अधिक बोलतात, तर इंग्रजी भाषक ‘त्याने फुलदाणी फोडली’ म्हणतात. आणि ती कोणाकडून फुटली हे इंग्रजी भाषकांना जास्त चांगले आठवते.

मराठीचा कल या बाबतीत स्पॅनिशच्या जवळचा. कप निसटला तर आपण ‘माझ्या हातून फुटला’ म्हणतो. ‘मी कप फोडला’ म्हटले तर ऐकणारा विचारेल, रागाने का? इंग्रजीत मात्र खेळताना पडलेला मुलगाही ‘मी माझा हात मोडला’ याच रचनेत सांगतो आणि त्यात कोणाला मुद्दामपणा दिसत नाही. म्हणून ‘माझ्या हातून झाले’ हे मराठीतले सरळ, लाजेने दिलेले कबुलीचे वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले की ते अंग काढून घेतल्यासारखे वाटू शकते. दोष बोलणाऱ्याच्या मनात नसतो. ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो.

टेबलावरची पाटी

जबाबदारी घेण्याचे इंग्रजीतले सर्वांत गाजलेले वाक्य एका पाटीवर होते : ‘द बक स्टॉप्स हिअर’. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर ती असे. ओक्लाहोमातल्या एल रीनो इथल्या सुधारगृहात बनवलेली ही पाटी त्यांना ऑक्टोबर १९४५ मध्ये पाठवण्यात आली. पोकरच्या खेळात पत्ते वाटण्याची पाळी दाखवणाऱ्या खुणेला ‘बक’ म्हणत आणि वाटायचे नसेल तर ती खूण पुढच्याकडे सरकवता येई. चेंडू दुसऱ्याकडे टोलवण्याला ‘पासिंग द बक’ म्हणतात ते यावरून, असे मानले जाते. ट्रुमन यांचे म्हणणे असे की अध्यक्षाच्या पुढे सरकवायला कोणी उरत नाही.

अध्यक्ष जॉन केनेडी यांनी अशी जबाबदारी घेण्याचा राजकीय फायदाही दाखवून दिला. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम पार फसली. २१ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत केनेडी यांनी यशाला शंभर बाप असतात आणि अपयश अनाथ असते या अर्थाची म्हण सांगितली आणि सरकारचा जबाबदार अधिकारी मीच, असे म्हटले. त्यानंतरच्या गॅलप जनमत चाचणीत त्यांची लोकमान्यता ८३ टक्क्यांवर गेली.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना मंत्र्याच्या राजीनाम्यातून दिसते. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली आणि तीन दिवसांत परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी पद सोडले. पुढच्या वर्षी फ्रँक्स समितीने त्या आक्रमणाचा ठपका सरकारवर ठेवला नाही. दोष सिद्ध होण्याआधी, किंबहुना तो नसतानाही, खात्याचा प्रमुख म्हणून किंमत मोजायची ही वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची, रीत. आपल्याकडे १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले, ते त्याच संसदीय परंपरेत बसणारे होते.

पण वाक्य लोकप्रिय झाले की स्वस्तही होते. २०१६ मध्ये ‘वेल्स फार्गो’ बँकेत ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडल्याचे बाहेर आले. प्रमुख जॉन स्टम्फ यांनी सिनेटच्या समितीपुढे पूर्ण जबाबदारी स्वीकारत असल्याचे सांगितले. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांना विचारले ते रोकडे होते : राजीनामा दिला का? मिळवलेल्यातला एक पैसा तरी परत केला का? वरच्या किती जणांना काढले? तोवर नोकरी गेली होती ती खालच्या सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची. आठवडाभराने स्टम्फ यांच्या सुमारे ४.१ कोटी डॉलरच्या समभागांवर पाणी सोडले गेले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडले आणि २०२० मध्ये नियामकाने त्यांना बँकिंगमधून कायमचे बाद केले. ‘पूर्ण जबाबदारी’ या शब्दांना अर्थ आला तो त्यानंतर.

‘सॉरी’ची दोन टोके

‘सॉरी’ हा शब्द सांत्वनालाही चालतो आणि माफीलाही. कोणाचे वडील गेले तरी ‘सॉरी’, पाय तुडवला तरी ‘सॉरी’. मुत्सद्द्यांनी या सैलपणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला. अमेरिकी विमान परवानगीविना बेटावर उतरले आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीनला माफी हवी होती, अमेरिका ती द्यायला तयार नव्हती. शेवटी राजदूत जोसेफ प्रूअर यांच्या ११ एप्रिलच्या पत्रात दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ आले : वैमानिक गेल्याबद्दल आणि तोंडी परवानगी न घेता उतरल्याबद्दल. टक्कर कोणाच्या चुकीने झाली यावर पत्र गप्प होते. चिनी जनतेने ते माफी म्हणून वाचले, वॉशिंग्टनने ही माफी नव्हे असे सांगितले आणि माणसे घरी परतली.

भारतीय वाचकाला याच तंत्राचा जवळचा अनुभव जालियनवाला बागेचा आहे. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून फेब्रुवारी २०१३ मध्ये अमृतसरला गेले. १९१९ ची ती घटना ब्रिटिश इतिहासातली अत्यंत लाजिरवाणी घटना असल्याचे त्यांनी अभ्यागतांच्या वहीत लिहिले, पण माफी मागितली नाही. शताब्दीच्या तोंडावर, १० एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी निःसंदिग्ध माफीची मागणी केली. ती आली नाही. आदल्याच दिवशी परराष्ट्र खात्याचे मंत्री मार्क फील्ड यांनी माफीचे आर्थिक परिणाम होऊ शकतात, ही सरकारची काळजी बोलून दाखवली होती. चौथ्या भागावर थांबण्याचे कारण तिसऱ्या भागात होते.

तेच कॅमेरून १५ जून २०१० रोजी वेगळे बोलले होते. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि १३ जण जागीच गेले. त्या ‘ब्लडी संडे’ची चौकशी संपल्यावर कॅमेरून यांनी हे कृत्य असमर्थनीय आणि चुकीचे होते, आणि सरकारच्या व देशाच्या वतीने आपण माफी मागतो, असे सांगितले. फरक शब्दसंपत्तीचा नव्हता. इथे १२ वर्षे चाललेली चौकशी होती, मृतांचे हयात कुटुंबीय होते आणि शांतता टिकवण्याची गरज होती.

ऑस्ट्रेलियात हाच फरक दोन पंतप्रधानांच्या नावावर जमा आहे. आदिवासी मुलांना घरातून उचलून नेण्याच्या जुन्या धोरणाबद्दल जॉन हॉवर्ड यांनी १९९९ च्या ठरावात ‘मनःपूर्वक खेद’ एवढेच येऊ दिले. आजच्या पिढीने मागच्यांचा दोष का घ्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १३ फेब्रुवारी २००८ रोजी केव्हिन रड यांनी संसदेत ‘सॉरी’ म्हटले, तेव्हा तो एक शब्द ऐकायला संसदेबाहेर लोक जमले होते.

कायद्याचा धाक आणि कायद्याची सूट

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये गाडी ठोकली तर विमा कंपनीचा सल्ला ठरलेला : जागेवर चूक कबूल करू नका. तोंडातून गेलेली माफी पुढे पुरावा म्हणून उभी राहील ही भीती. यातून माणसे इतकी आखडली की कायद्यालाच मध्ये पडावे लागले. मॅसॅच्युसेट्समध्ये एका सिनेटरची मुलगी सायकलवर असताना गाडीखाली गेली. चालकाने कधी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. १९८६ मध्ये त्या राज्याने कायदा केला की अपघातानंतरचे सहानुभूतीचे शब्द दोषाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. पुढे अनेक राज्यांनी तेच केले. मात्र बऱ्याच ठिकाणी सूट फक्त ‘तुमच्यावर हे ओढवले, वाईट वाटते’ एवढ्यालाच आहे; ‘मी सिग्नल तोडला’ हे म्हणणे अजूनही पुरावाच ठरते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये दोषाच्या कबुलीसह संपूर्ण माफीला संरक्षण दिले. इंग्लंडनेही त्याच वर्षीच्या कायद्यात लिहून ठेवले की माफी म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे.

उलट दिशेनेही वाटा आहेत. १९७० च्या अल्फर्ड खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की आरोपी ‘मी निर्दोष आहे’ म्हणत असतानाही शिक्षा कमी व्हावी म्हणून गुन्हा कबूल करू शकतो. तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने तर १९७२ पासून तडजोडीचा ठरावीक साचाच ठेवला : कंपनी आरोप मान्यही करत नाही, नाकारतही नाही आणि दंड भरते. २०११ मध्ये न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी सिटीग्रुपची अशी २८.५ कोटी डॉलरची तडजोड नाकारली. खरे काय घडले हेच कळत नसेल तर न्यायालयाने शिक्का कशावर मारायचा, असा त्यांचा आक्षेप. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांचा निर्णय फिरवला.

दोषाची टक्केवारी

आखातातल्या स्फोटानंतर ११ मे २०१० रोजी तीन कंपन्यांचे अधिकारी सिनेटपुढे बसले. बीपीने बोट दाखवले ‘ट्रान्सओशन’च्या विहीर बंद करणाऱ्या यंत्राकडे. रिग ट्रान्सओशनचीच होती. पण विहिरीचे काम सुरू होते आणि संपते ते मालकाच्या हुकमाने, असे त्या कंपनीने सुनावले आणि सिमेंटचाही प्रश्न काढला. सिमेंट घालणाऱ्या ‘हॅलिबर्टन’ने सांगितले, आम्ही बीपीच्या आराखड्याप्रमाणे काम केले. तीन दिवसांनी अध्यक्ष बराक ओबामा यांनी या तमाशावर संताप व्यक्त केला आणि जबाबदारी सगळ्यांना पुरून उरेल एवढी आहे, त्यात सरकारही आले, असे म्हटले.

कायद्याने हा वाद आकड्यांत सोडवला. बीपीने २०१२ मध्ये ११ कामगारांच्या मृत्यूप्रकरणी मनुष्यवधाचे गुन्हे कबूल केले. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी दोषाची वाटणी केली : बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, हॅलिबर्टन ३ टक्के. पूर्वीच्या इंग्रजी कायद्यात फिर्यादीची थोडी जरी चूक निघाली तरी त्याची भरपाई बुडत असे. १९४५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये दोषाच्या प्रमाणात वाटणी सुरू झाली. दोष एकाच माथी मारण्याऐवजी तो वाटता येतो, हा विचार त्यामुळे रोजच्या इंग्रजी बोलण्यातही मुरला आहे.

दोष न शोधणारी चौकशी

विमान वाहतुकीने याहून पुढे जाऊन दोषाचा प्रश्न चौकशीतून बाहेरच काढला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे अपघात चौकशीचे नियम स्पष्ट सांगतात की चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा भरपाई ठरवणे हा नाही. भारतातल्या चौकशाही याच चौकटीत होतात. म्हणून अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असे शब्द शोधणाऱ्या वाचकाची निराशा होते. अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ एक यंत्रणा चालवते : वैमानिकाने नकळत नियम मोडला असेल आणि दहा दिवसांत स्वतःहून कळवले, तर सहसा त्याचा परवाना वाचतो. सोबत त्याचे नाव गोपनीय राहते. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली कल्पनाही इथेच रुजली. सुरक्षेचे प्रत्येक कवच म्हणजे भोके असलेली चीजची चकती. सगळी भोके एका रेषेत आली की अपघात होतो. शेवटच्या चकतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला धरून उपयोग नसतो.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी हे तिथून उचलले. ‘एट्सी’ कंपनीचे जॉन ऑल्सपॉ यांनी २०१२ मध्ये ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’वर लिहिले आणि ती पद्धत पसरली. सर्व्हर कोणी पाडला हे त्यात लपवत नाहीत. फक्त त्या क्षणी त्याला ते करणे योग्य का वाटले, हे विचारतात. शिक्षेची भीती गेली की माणूस खरे सांगतो, एवढाच त्यामागचा हिशेब.

ऑफिसातले इंग्रजी

अमेरिकी सहकारी किरकोळ चुकीला ‘माय बॅड’ म्हणतो आणि पुढे जातो. थोडी मोठी असेल तर ‘दॅट्स ऑन मी’. सहकाऱ्याला पुढे करून स्वतः सुटणाऱ्याबद्दल ‘थ्रू मी अंडर द बस’ असे म्हणतात आणि हा ऑफिसातला फार कडू आरोप आहे. कामाच्या तक्त्यात ‘रिस्पॉन्सिबल’ आणि ‘अकाउंटेबल’ असे दोन रकाने असतात : पहिल्यात काम करणारे कितीही जण, दुसऱ्यात ज्याला जाब विचारायचा असा एकच.

समजा, रात्री एक बदल टाकला आणि सेवा बंद पडली. सकाळच्या मेलमध्ये ‘काही अडचणींमुळे सेवेत व्यत्यय आला, गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ असे लिहिले, तर त्यात कर्ता नाही आणि गैरसोय झाली की नाही याचीही शंका आहे. ‘मी बदल टाकण्याआधी चाचणी घेतली नाही, सेवा चाळीस मिनिटे बंद होती, आजपासून चाचणीशिवाय बदल पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था केली आहे’ असे लिहिले, तर तीन वाक्यांत सगळे आले. दीर्घ क्षमायाचना, साहेबांचा मोठेपणा, ‘पुन्हा असे होणार नाही’चे आश्वासन यांची तिथे फारशी किंमत नसते. पुन्हा का होणार नाही, हे त्यांना हवे असते.

कबुली कशी वाचावी

कोणाचेही इंग्रजी निवेदन समोर आले की तीन गोष्टी पाहाव्यात. क्रियापदाला कर्ता आहे का, आणि तो ‘मी’ आहे की ‘आम्ही’ की कोणीच नाही? कबुली नेमकी कशाची आहे : कृत्याची, परिणामाची, की समोरच्याला वाईट वाटल्याची? ‘तुम्हाला तसे वाटले याबद्दल सॉरी’ या वाक्यात चूक बोलणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याच्या वाटण्याची आहे. आणि तिसरे : बोलणाऱ्याला याची किंमत काय पडली? पद, पैसा, खटला, की काहीच नाही?

पहिल्या दोन कसोट्या भाषेच्या आहेत आणि चांगला वकील किंवा प्रसिद्धी सल्लागार त्या सहज पार करून देतो. ‘मी’ घालायला पैसे पडत नाहीत. म्हणून खोडलेले शब्द, सुटलेला कर्ता, ‘जर’ आणि ‘असल्यास’ हे सगळे टिपावे, पण निकाल तिसऱ्या प्रश्नावर द्यावा. आणि वाक्य स्वतःला लिहायचे असेल, तेव्हा क्रम उलटा धरावा : आधी किंमत मोजायची तयारी, मग नेमके काय केले ते, आणि शेवटी ‘सॉरी’.